चौथी भेट

करावे गाव. तांडेलांची गच्ची.
चौथ्यांदा चहा,
फाईल मी अजून उघडलेली नाही.

"साडेबारा टक्क्यांतला शेवटचा प्लॉट विकला,"
पदाजीशेठ म्हणाले.
"इमारत बांधू. आईचं नाव पितळी अक्षरांत,
पाम बीचवरून वाचता येईल एवढं."

मी विचारलं, आई कशानं गेल्या?

मिठागर होतं तिथल्या टॉवरांकडे
बघत राहिले बराच वेळ.
"डायलिसिस. मशीन होती हो,
रात्री चालवायला माणूस नव्हता."

मग माझाच पेन घेऊन
बिस्किटाच्या पुड्यावर हिशेब मांडला:
रात्रपाळीच्या सहा नर्सा,
वीस वर्षांचा पगार.
दोनदा खोडलं. रक्कम वाढली.

आणि नाव?

"ड्युटीच्या फळ्यावर लिहा, खडूनं.
पुसलं गेलं
तर कुणीतरी परत लिहील."