दोन गाठींची सुतळी

डुलूथ, जानेवारी. सरोवर काठापाशी गोठलेलं.
दुकानात मात्र बत्तीस पडद्यांवर
एकच मासा पोहतोय, बत्तीस वेळा,
आणि एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही.
सगळे मुद्दाम भडक लावलेले.
ट्यूबलाइटशी भांडायचं तर ओरडावंच लागतं.

अर्विड कोस्किला आला तो टोपी न काढता.
खिशातून सुतळी काढली, तिला दोन गाठी.
"ही माझ्या खुर्चीपर्यंत, अकरा फूट.
ही हेल्मीच्या. ती खिडकीशी बसते, पार कडेला,
आणि तिची खुर्ची हलवायची नाही."
सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं,
जणू मी बोट बांधून घेणारा धक्क्यावरचा पोऱ्या.

मी पाठ केलेलं म्हणू लागलो:
सातशे वीस, हजार ऐंशी,
हजार ऐंशीतही दोन जाती,
एक सगळ्या ओळी एकदम देते,
दुसरी आधी विषम, मग सम,
डोळा बिचारा दोन्ही शिवून घेतो.
"म्हणजे अर्धं चित्र उधारीवर," तो म्हणाला.
"तसंच."
हे उत्तर माहितीपत्रकात नव्हतं.

बेचाळीस इंची दोन संच, शेजारी शेजारी,
एक साडेआठशे डॉलरनी महाग.
अकरा फुटांवर उभा राहिला. "फरक दाखव."
मी पाहिलं. त्यानं पाहिलं.
मासा वळला, दोन्हीकडे सारखाच वळला.
काउंटरवरून मालक बघत होते,
त्यांना महागडा खपायला हवा होता.
मी म्हणालो, "इथून नाही दिसत.
सहा पावलं पुढे या, मग कळेल."
"पुढे शेगडी आहे," अर्विड म्हणाला.

मग हेल्मी होऊन कडेला गेला.
तिथून एलसीडीवरचा मासा फिका,
पाण्यात कुणी दूध सांडल्यासारखा.
प्लाझ्मावरचा तसाच, नारिंगी.
त्यानं पेन्सिलीनं तळहातावर काहीतरी लिहिलं.

"डिस्क कुठली घेऊ? दोन प्रकार निघालेत म्हणे."
निघालेत. एकीच्या यंत्रात दुसरी चालत नाही.
"मरणार कुठली?"
"ठाऊक नाही. मी दोन्ही विकतो."
"मग एक मरेपर्यंत थांबतो."

शेवटी म्हणाला, दिवे घालव.
तीस वर्षं खनिजाच्या बोटींवर रात्रपाळी केलेली,
त्याला काळा बघायचा होता.
मालकांनी नाक मुरडलं,
पण मंगळवार, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.
खटके पाडले. मासा घालवून
सगळीकडे नुसता काळा चौकोन आणला.

एलसीडीचा काळा म्हणजे
दाराखालून उजेड येणारी खोली,
मागचा दिवा विझतच नाही.
प्लाझ्माचा बराच काळा, जवळजवळ.
आणि कोपऱ्यात, स्टुलावर, विकायला नसलेला
जाड काचेचा जुना संच,
तो सगळ्यांहून काळा.
अर्विड त्याच्याकडेच बघत राहिला.
"हा का बंद केला?"
"जड होता."
"बोटीही जडच असतात," तो म्हणाला,
आणि मी दिवे लावले.

प्लाझ्मा नेला. दोघांनी उचलून गाडीत ठेवला, उभाच.
बजावलं होतं, एकच स्थिर चित्र
तासन्‌तास ठेवू नका, काचेवर डाग उरतो.

मार्चमध्ये फोन. हेल्मी दिवसभर
हवामानाची वाहिनी लावते. खाली कोपऱ्यात
तापमानाची चौकट. आता काहीही लावा,
वाळवंट, कुस्ती, कुणाचं लग्न,
ती चौकट अंधुक दिसत राहते.
मी उपाय सांगितला: एक रात्र
पडद्यावर नुसत्या मुंग्या चालू ठेवा.

पलीकडे कुजबुज झाली.
"ती म्हणते, राहू दे.
आकडा कुठे येणार ते आधीच कळतं."
थोडं थांबून,
"आणि जवळ हात नेला तर काच गरम लागते.
हे तू सांगितलं नव्हतंस."