वळवलं

सिवासच्या कोर्टाबाहेर, पायऱ्यांच्या डाव्या हाताला
सित्की उस्ताचं टेबल. एक पाय आखूड, खाली विटेचा तुकडा,
वर टाइपरायटर, त्याचा एक खिळा दर वेळी अडकतो
आणि बोटानं सोडवावा लागतो.
आत मी. एकवीस वर्षं
तो लिहितो ते न्यायाधीशांना
मोठ्यानं वाचून दाखवणारा कारकून.

त्याच्या सगळ्या खोड्या मला पाठ आहेत.
पाटाच्या पाण्याचं भांडण असलं
आणि पक्षकार स्वतःच चोर असला, की तो लिहितो
‘पाणी वळलं.’
जणू पाण्यालाच वाटलं, चला, आज या बाजूनं.
पक्षकार नागवला गेलेला असला, की
‘पाणी वळवलं.’
एक ‘व’ जास्त.
तेवढ्या एका अक्षरात कुणीतरी उभा राहतो
फावडं घेऊन, रात्रीचा, पायजमा दुमडून.

ग्युलिझारच्या अर्जात
नवरा कुठे गेला हे चौथ्या परिच्छेदापर्यंत येतच नाही.
आधी येतो त्याचा बूट, दाराशी. एकच.
मी वाचता वाचता दुसरा बूट शोधत राहतो,
साहेबही.
बाहेर जेवणाची सुट्टी होऊन गेलेली असते
आणि सित्की उस्तानं
बेरीज संपेपर्यंत हातचा राखून ठेवलेला असतो.

हे मी ओळखतो, मनात हसतो,
तरी आवंढा येतोच,
नेमका त्यानं ठोकलेल्या पूर्णविरामाशी.
कांदा चिरणाऱ्याला कांदा माहीत असतो.
म्हणून काय झालं.

मार्चमध्ये धरणाची नोटीस आली.
आमचं गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला
आईची कबर.
हलवायची तर अर्ज हवा.
हजारो अर्ज हाताखालून गेलेला मी,
स्वतःच लिहायला बसलो.
‘विनंती की’ च्या पुढे तीन रात्री सरकलो नाही.

मग पायऱ्या उतरून त्याच्या स्टुलावर बसलो.
त्यानं चहा मागवला नाही.
गिऱ्हाइकाला तो चहा देत नाही, तोंड मोकळं हवं असतं त्याला.
कबरीपाशी काय आहे?
दगड.
आणखी?
वारा असतो. दगडच.
खट खट खट. खिळा अडकला. सोडवला.
‘डाव्या अंगाला जर्दाळूचं झाड,
मयतेनं हयातीत स्वतः लावलेलं,
अजून एकदाही न फळलेलं.’

झाड नाही तिथं, मी म्हणालो. कधीच नव्हतं.
कागद ओढून काढत तो म्हणाला,
साहेबांनी कबरी खूप पाहिल्यात.

मी सही केली.

दुसऱ्या दिवशी मीच वाचला. दुसरा वाचणार कोण.
गावाचं नाव वाचलं, गटनंबर वाचला,
आवाज ठीक होता, खणखणीत होता.
‘न फळलेलं’ च्या पुढे पूर्णविराम,
त्याच्यापुढे फक्त तारीख आणि पत्ता.
तेवढं साहेबांनी
कागद मागून घेऊन स्वतः वाचलं.

जूनमध्ये माणसं आली.
वरचा दगड हलवला, खाली माती सैल, लालसर.
एकानं डाव्या बाजूला कुदळ उगारली
आणि मी ओरडलो,
जपून, मुळं आहेत तिथं.

ते थांबले. एकमेकांकडे पाहिलं,
मग त्या उघड्या माळाकडे, पार क्षितिजापर्यंत.
त्यांच्यात एक म्हातारा होता.
त्यानं काही विचारलं नाही.
कुदळ बाजूला ठेवून
तो हातानं माती काढू लागला.