प्रत्यय

खाल्किदोन. ऑक्टोबर. दौतीत माशी पडलेली.
काल लिहिलं होतं : दोन स्वभावांतून.
आज हुकूम आला : दोन स्वभावांत.
चाकूने मी त्यातलं 'ऊन' खरवडलं.
भुकटी बाहीवर सांडली.
कातडं तिथे पातळ झालंय,
दिव्यापुढे धरलं की पलीकडची बोटं दिसतात.

इजिप्तचे बिशप फरशीवर पालथे पडून रडत होते :
सही केली तर गावी आम्हाला जिवंत ठेवणार नाहीत.
कुणीतरी हसलं.
तेही मी टिपून घेतलं, मग खोडलं.

माझा भाऊ सेरापामोन
अलेक्झांड्रियाच्या एका देवळात दिव्यांना तेल घालतो.
लहानपणी आम्ही एकाच पांघरुणात झोपायचो,
कुठले पाय कुणाचे
हे आई अंधारात चाचपून सांगायची,
आणि कधी कधी चुकायची.
तो अजून 'तून'च म्हणतो.
माझं पत्र वसंतात परत आलं,
मेणावरचा शिक्का तसाच.

विहिरीच्या काठावर त्याला तहान लागली होती.
देवाला लागली की माणसाला,
यावर तीन दिवसांचं बोलणं माझ्याच अक्षरात आहे.
त्या बाईने शेवटी
पाणी दिलं का,
ते कुणी विचारलं नाही.