सातवा जोड

सिनेमाला खर्च आला एक लाख चाळीस हजार,
त्यातले साठ हितूच्या बहिणीच्या लग्नाचे.
कॅमेरा लग्नांच्या शूटिंगचा,
त्याच्या बटणांत कुठल्याशा नवरीची हळद अडकलेली.
लाईट केळीच्या ट्रकचे.
रक्त म्हणजे बीट आणि गूळ,
मुंग्यांनी पहिल्याच रात्री अर्धं संपवलं.

भूत मी.
खरं तर मेकअपला गेले होते.
सावद्याला माझं पार्लर आहे, स्टँडमागे.
जळगावची मुलगी ऐनवेळी आली नाही,
हितू म्हणाला, ताई, तुमचे केस लांब आहेत.

मार्च सरत आलेला. रात्री अकरालाही
विहिरीचे दगड कोमट.
केळीच्या बागेत वारा नसला तरी
कुणीतरी अंधारात लुगडं बदलतंय
असा आवाज येत राहतो.
साडीवरचं बीट एका धुण्यात गेलं.
केळीचा चीक लागला होता,
तो दिवसेंदिवस काळा होत गेला.

गोष्ट एवढीशी.
बाई विहिरीत आहे. वर येत नाही.
कुणाची मान मोडत नाही.
नुसती वर बघते,
तर काठावर चपला.
माणसं नाहीत, नुसत्या चपला, सात जोड.
(माणसं उभी करायची तर जेवण द्यावं लागलं असतं.)
विकत घ्यायला पैसे नव्हते, गावातून मागून आणल्या.
हसत दिल्या लोकांनी.
'माह्या चपलीले हिरो करजो रे बाप्पा!'

अकरा सेकंद.

आखाजीला दाखवला, मंगल कार्यालयात.
लेकी माहेरी आलेल्या, दिवसभर झोके घेऊन
गळे बसलेल्या.
माझ्या पांढऱ्या तोंडाला सगळे पोट धरून हसले.
मग ती विहीर आली,
आणि पहिल्यांदाच पंख्याचा आवाज ऐकू आला.
ज्यानं त्यानं आपली ओळखली.
अंगठ्याला तार बांधलेली. टाच एकीकडे झिजलेली.
कुणीतरी खाली वाकून
आपले पाय आत ओढून घेतले.
बायांच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली,
'कुमुद.'
सिनेमात हे नाव कुठेच नाही.

एकोणीस वर्षं झाली त्याला.
कागदावर पाय घसरला असं आहे.

नंतर निवेदन निघालं. गावाची बदनामी,
स्त्रीजातीचा अपमान, अंधश्रद्धेचा प्रसार,
तिन्ही एकाच पानावर, खाली सह्या.
रावेरहून पोलीस आले, लॅपटॉप नेला, पावती दिली.
अकरा सेकंद काप, बाकी चालू दे, असा निरोप आला.
हितू रात्रभर बसला. सकाळी म्हणाला,
ते कापलं तर उरतं काय, तुमचे केस?
आता तो सुरतेला असतो. कुणाचीतरी लग्नं शूट करतो.
एका मुलानं माझ्यापुढे माईक धरला,
भूत असतं असं तुम्हाला वाटतं का?
मी म्हटलं, भुवया करायला कोणी येत नाही आता.

चपलांचं पोतं माझ्याकडेच राहिलं.
शटर निम्मं खाली आलं की एकेक जण येई.
बोलायचं नाही. पोत्यात हात घालायचा,
अंधारातही आपली बरोबर सापडायची.
तार बांधलेला तर स्वतः आला नाही,
नातवाला पाठवलं.
सहा गेल्या.

सातवा जोड शूटिंगच्या दिवशी कमी पडत होता.
म्हणून मीच घरी जाऊन
ओट्यावरून उचलून आणला होता.
विचारलंही नव्हतं.

अप्पा सिनेमाला आले नव्हते. गुडघे दुखतात म्हणाले.
पण दुसऱ्या दिवसापासून अनवाणी.
मी नवा जोड आणला,
तो खोक्यात तसाच आहे.
मे महिन्याचं डांबर चप्पलेला धरून ठेवतंय,
आणि अप्पा दुपारी दूध आणायला
हळूहळू, सावली न शोधता जातात.

परत येऊन पाय धुतात.
मी पाणी देते.
पोतं मागत नाहीत. मी सांगत नाही.