दिडकी

अ‍ॅबरडेअरच्या लायब्ररीत बत्तीस थिन क्लायंट येणार.
डिस्क नाही, पंखा नाही,
संध्याकाळी बंद केले की दिवसभराचं काही आठवत नाही.
सगळ्यांचं मिळून डोकं एकच,
तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत.
काउन्सिलनं विचारलं : केवढा सर्व्हर लागेल?

आमचे दाजीकाका आचारी. पानं किती, एवढंच विचारायचे,
मग तांदळात हात घालून
गप्प उभे.
मीही तसाच उभा राहिलो, हात स्प्रेडशीटमध्ये.

माणशी दीड जीबी धरली.
बत्तीस दिडे अठ्ठेचाळीस.
पाढा तोंडातून मोठ्यानं निघाला,
डिलिसला वाटलं मी प्रार्थना म्हणतोय.
लिनक्सच्या स्वतःच्या पोटाला चार.
वर हाताला लागेल म्हणून थोडी. चौसष्ट मागितली.
उत्तर आलं : अठ्ठेचाळीस पुरे,
सगळे एकदम कधी येतात?

खरंच नाही येत.
सोमवारी अकरा. मंगळवारी नऊ, त्यातला एक झोपायला.
खाली बसून मी माणसं मेगाबाइटवरून ओळखायला लागलो :
नोकरीचे अर्ज भरणारी ब्रॉन्वेन, आठशे;
एकच पान तासभर वाचणारा पोलिश वेल्डर, दोनशे दहा;
शाळेची पोरं, विचारू नका.

गुरुवारी भत्त्याच्या फॉर्मची शेवटची तारीख.
साडेदहाला बत्तीसच्या बत्तीस.
सव्वाअकराला स्वॅप भरत चाललेला,
वर सगळ्यांचे बाण गुळात रुतलेले.
यादीत सर्वांत वर एकच नाव, एम्लिन, खुर्ची सतरा,
व्हिडिओ, साडेतीन कोअर एकटा खातोय.
मी किल टाइप केलं. पुढे नंबर.
एंटर राहू दिलं आणि जिना चढलो.

सतरावर काळ्या कोटातला म्हातारा.
पडद्यावर पर्थमधलं चॅपल, सहा खांदे,
दर पाच सेकंदांनी शवपेटी एक पाऊल पुढे.
"भाऊ," तो म्हणाला, मान न वळवता.
"अडकत अडकत चाललाय. चालू दे.
घाई कुणाला आहे?"

डिलिस टेबलाटेबलापाशी वाकून काहीतरी कुजबुजली.
नऊजण लॉगआउट करून चहाला गेले.
ब्रॉन्वेन नाही गेली. तिचा फॉर्म तिसऱ्यांदा कोरा झाला होता,
तिचंही बरोबर होतं.

खाली आलो तर कर्सर तसाच लुकलुकत, नंबरापुढे.
बॅकस्पेस दाबत गेलो, एकेक आकडा.

संध्याकाळी नवं मागणीपत्र : सोळा जीबी जादा.
'कारण' या रकान्यात एकच ओळ मावत होती.
पानं वाढली, असं लिहून खोडलं.
लिहिलं : पीक लोड.