रोक्या

मला झाडावर चढवलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.
बापाने खांदा दिला, मग तळहात, मग चक्क डोकं,
आणि धावड्याच्या दुसऱ्या बेचक्यात मी बसल्यावर
खालून हळू आवाजात म्हणाला,
‘खोकलू नोको. पान तोडू नोको. मुताले लागलं त दाबून धर.
तो तुयाकडं आला, तवाच काडीनं टिचकी मारजो.
खोडावर. एक डाव.
बोंबलला त अंगावर येल.
टिचकी आयकली का वळते तो, आपल्या मनानं.
वाघ मोठा लाजरा रायते, बाप्पा.’

सातबहिणीच्या डोंगराखाली, माघाचा महिना, दवाने जड गवत.
समोर शंभर पावलांवर मचाण
आणि मचाणावर दिवाणसाहेबांचा शिरीष,
माझ्याएवढाच, फार तर वर्षाने मोठा.
हिरवा स्वेटर. कानटोपी.
आदल्या संध्याकाळी राहुटीमागे त्याने मला
त्याची काडतुसं मोजू दिली होती.
सात. खिशातल्या हातामुळे कोमट झालेली.
साहेब त्याला शिकवत होते,
अर्धा श्वास सोडायचा, अर्धा ठेवायचा, मग बोट.
मीही ते ऐकून ठेवलं.
रात्री वाकळीत अर्धा श्वास ठेवून पाहिला,
हसू आलं.

मग नाल्याकडून हाका उठला.
डफडी, टिनाचे डबे, खोडावर कुऱ्हाडीचे दांडे,
त्या गोंगाटात बापाचा आवाज मला वेगळा काढता येत होता,
तो गुरांना हाकलतो तसाच हाकलत होता.
आधी ससा. मग मोर, धडपडत.
मग चितळांची रांग, तिच्यावर कोणी बार टाकला नाही.
मग काहीच नाही, बराच वेळ,
सागाची एक वाळकी पानोळी खाली येईपर्यंत.

तो आला तो चित्रातल्यासारखा नाही आला.
लग्नघरातून कोणी न जेवता निघावं,
मागच्या वाटेने, कुणाच्या नजरेला नजर न देता,
तसा आला.
माझ्या झाडाखाली थांबला.
वरून मला त्याची पाठ दिसली, खांद्याची हाडं खालीवर,
डावा कान फाटलेला,
कानामागच्या पांढऱ्या ठिपक्यात एक गोचीड, फुगलेली.
दोन पावलं टाकली असती
तर तो माझ्या मागच्या बांबूत गेला असता.

पुढे मी सगळ्यांना सांगितलं, घाबरलो म्हणून वाजवली.
बायकोलाही तेच सांगितलं.
घाबरलो नव्हतो.
मला बघायचं होतं, खरंच वळतो का.

वळला.
बोटभर काडीने.
एवढं मोठं जनावर, आणि बापाने सांगितलं तसंच,
आपल्या मनाने वळल्यासारखं,
उघड्या पट्ट्यात, उन्हात.

दोन बार झाले. दुसरा शिरीषचा नव्हता.

नंतर गर्दी. मिशा मोजून जाळल्या, कोणी चोरू नये म्हणून.
फोटोसाठी शिरीषला बुटासकट पाठीवर उभं केलं,
तो घसरला, पुन्हा उभं केलं.
आम्ही दोर धरणारे कडेला सरकलो.
फोटो झाल्यावर तो माझ्याजवळ आला,
कानटोपी हातात, उजवा खांदा चोळत.
‘तू त्या झाडावर होतास ना? कसा होता?’
मी म्हटलं, तुम्ही तं मारला.
तो म्हणाला, ‘माझे डोळे मिटले होते.’
मी त्याला कान सांगितला. गोचीड सांगितली.
काडीचं सांगितलं नाही.

हाक्याची मजुरी बारा आणे, रोक्याचे आठ.
शिवाय साहेबांनी वरून एक पेपरमिंट दिली.
घरी परतताना अंधारात बापाच्या डब्याचा
एखादा खडखडाट, बाकी पावलं.
तोंडात पेपरमिंट धरून मी विचारलं,
पुढच्या साली आणखी जाचं का, बा?
त्याने उत्तर दिलं नाही.
थांबून माझ्या हातातली काडी घेतली.
मला वाटलं, मोडेल.
विडी खोचावी तशी कानावर खोचली
आणि चालत राहिला.