बोटभर फट

पुंता आरेनासमध्ये वारा शेजाऱ्यासारखा वागतो,
न विचारता आत, न बसता बाहेर.
डिसेंबरात तर चौकात दोर बांधतात,
लोकांनी धरून चालावं म्हणून.
मी कधी धरला नाही.
म्हणजे, गेल्या वर्षापर्यंत.

ओस्वाल्दो गेला आणि मागोमाग झोप गेली.
डॉक्टरीण माझ्या मुलीहून लहान.
म्हणाली, गोळ्या देते, पण आधी सांगा,
झोपता कुठे?
खिडकीखाली, म्हटलं. तीस वर्षं.
गार बाजूला तो असायचा.
ती लिहिता लिहिता थांबली.
आणि आता गार बाजूला कोण?

घरी येऊन पलंग ओढला.
एकटीनं, इंचाइंचानं, शिव्या देत,
पार आतल्या भिंतीपर्यंत.
खालच्या फळ्या अजून मधाच्या रंगाच्या,
उन्हानं न पाहिलेल्या.
एक बटण सापडलं, शंभर पेसोचं एक नाणं,
आणि त्याच्या हस्ताक्षरात खिळ्यांची यादी.
खिळे कुठले, कशाला,
आता कोण सांगणार.

दाराशी कोटाची खुंटी त्याच्या उंचीची.
लोकर निवडण्यात बावीस वर्षं गेली माझी,
खांदा कानाच्या वर जात नाही.
रोज टाचा उंचावून कोट फेकायचा,
रोज तो पडायचा,
रोज मी त्याला म्हणायचे, असू दे.
खुंटी वीतभर खाली आणायला
मला सात महिने लागले.
स्क्रू पिळायला, चार मिनिटं.

मग हात सुटलाच.
मोरीच्या दिव्याला लांब दोरी,
पायरीच्या कडेला पांढरा पट्टा,
कपाटाला आतून पिवळा रंग,
बाहेरून नाही, आतूनच.
सकाळी कप काढताना
कुणीतरी आधीच दिवा लावून ठेवलाय असं वाटतं.

राहिल्या फटी.
माझ्याकडे पोटाकडची लोकर होती, पोतंभर,
आखूड, मळकी, तिला कधी भाव आला नाही.
लोण्याच्या सुरीनं ती कोंबत गेले
चौकटीत, उंबऱ्याखाली, पत्र्याच्या सांध्यात,
स्वयंपाकघरातल्या वरच्या जाळीतसुद्धा.
वाऱ्याशी कोण भांडतं?
मी नुसतं त्याचं तोंड भरलं.

दोन रात्री झोपले.
दगडासारखी, स्वप्नाशिवाय.
तिसऱ्या सकाळी डोकं शिशाचं,
काचा आतून रडत होत्या,
आणि शेगडीची निळी ज्योत
नारिंगी, जिभेसारखी लांबलेली.

एलेउतेरिओ पातेलं परत द्यायला आला होता.
मूळचा चिलोए बेटावरचा,
गॅसच्या नळ्या जोडण्यात आयुष्य काढलेला.
उंबऱ्यातच नाक वर केलं त्यानं,
पातेलं जमिनीवर, शेगडी बंद,
दार सताड,
आणि मग माझ्यावर ओरडला.
नेलिदा, हे घर आहे की सार्डिनचा डबा?
स्टुलावर चढून जाळीतली लोकर
मूठ मूठ उपसली त्यानं,
कोकराच्या पाठीवरून काढावी तशी हळू.
घराला नाक लागतं, म्हणाला.
मी पायरीवर बसून
हवा खाल्ली, ओकारी आवरली,
आणि खूप दिवसांनी, का कोण जाणे, हसले.

ती जाळी आता उघडी असते.
खिडकीलाही मी बोटभर फट ठेवलीय,
पलंगापासून लांब.
तिच्यातून सामुद्रधुनीचा वास येतो,
थोडा डिझेलचा, थोडा शेवाळाचा,
आणि खुंटीवरच्या कोटाची बाही हलते.
हलू दे.

पोत्यात लोकर अजून उरलीय.
काल एका जुन्या मोज्यात भरून,
तोंड शिवून, एलेउतेरिओकडे नेली.
त्याचीही खिडकी रात्रभर वाजते,
भिंतीपलीकडून मला ऐकू येते.
चौकट बघण्याआधी
मी डॉक्टरणीच्या आवाजात विचारलं,
झोपता कुठे?
अडुसष्ट वर्षांचा माणूस,
कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.